संभाजीनगर पायी फिरायचंय? मग या चुका टाळा

मराठवाड्याची राजधानी म्हणून ज्या शहराचं नाव घेतात ते शहर बाहेरचे लोक पाहतात कसं, तर सकाळी हॉटेलसमोर गाडी, आधी वेरूळ, येताना दौलताबाद, मग बीबी का मकबरा, मग पाणचक्की आणि रात्रीच्या रेल्वेने घरी. झालं संभाजीनगर! आता पायी फिरणारे वाढलेत ही चांगलीच गोष्ट आहे, पण तेसुद्धा प्लॅन तोच गाडीवाला घेऊन निघतात फक्त गाडी वजा करून, आणि सगळा घोटाळा तिथंच होतो. गाडीत एसी असतो, तुमच्या टोपीत नसतो.

तर पहिली आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे ठिकाणांची यादी करून फिरणं आणि उन्हाचा हिशोब न धरणं. इथं एप्रिल-मे मध्ये पारा चाळीशीच्या वर जातो हे सगळ्यांना माहिती असतं, पण ऑक्टोबरचं ऊन पण काही कमी नाही आणि डोंगरावर तर सावली नावाला. लोक काय करतात, सकाळी आरामात नाश्ता करून मकबऱ्यावर जातात कारण ते 'मेन' ठिकाण, तिथं दोन तास फोटो, आणि अकरा-बारा वाजता डोंगरावरच्या औरंगाबाद लेण्यांचा चढ चढायला घेतात. उलटं करा ना. डोंगर सकाळी, मकबरा संध्याकाळी. दुपारी जेवण, झोप, किंवा विद्यापीठातल्या सोनेरी महालात शिरायचं, तिथं राज्य पुरातत्त्व खात्याचं म्युझियम आहे, डोक्यावर छप्पर आहे आणि गर्दी सहसा नसते.

शहर वसलंय कसं ते एकदा डोक्यात बसलं की अर्धे प्रॉब्लेम सुटतात. उत्तरेला डोंगररांग, तिथून उतार शहराकडे, पश्चिमेच्या अंगानं खाम नदी. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी म्हणून हे गाव वसवलं तेव्हा पाणी आणलं ते याच उत्तरेकडून, जमिनीखालच्या नहरींतून. पुढे औरंगजेबाने दख्खनचा सुभा इथून चालवला, निजामाची राजधानीसुद्धा १७६३ पर्यंत इथंच होती, मग ती हैदराबादला गेली. लेणी, मकबरा, बेगमपुरा, पाणचक्की, भडकल गेट, किल्ले अर्क, दिल्ली गेट, हिमायत बाग हे सगळं या उत्तरेच्या पट्ट्यात एकमेकांना लागून आहे. म्हणजे पायी फिरायचं तर हा एक पट्टा धरा, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला हॉटेल घेऊन रोज रिक्षावाल्याशी हुज्जत घालत बसू नका.

लेण्यांची गडबड

औरंगाबाद लेणी म्हटलं की बाहेरच्यांना वाटतं वेरूळच, त्यामुळे इथं येऊनही ती न पाहता जाणारे ढिगाने आहेत. बारा बौद्ध लेणी, बहुतेक सहाव्या-सातव्या शतकातली, मकबऱ्यापासून दोन-अडीच किलोमीटर. चूक इथं अशी होते की पायऱ्या चढून पश्चिमेचा गट म्हणजे एक ते पाच नंबर पाहिले की माणसं 'बास, झालं' म्हणून खाली उतरतात. पूर्वेचा गट साधारण एक किलोमीटर पुढे आहे, सहा ते नऊ नंबर, आणि सात नंबरचं लेणं सोडलंत तर निम्मं वैभव सोडलंत. त्यात बोधिसत्त्व अवलोकितेश्वर उभा आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना आठ संकटं कोरलीत, आग, तलवार घेतलेला माणूस, बेड्या, बुडणारी होडी, सिंह, साप, हत्ती आणि मृत्यू, आणि प्रत्येक संकटातला माणूस त्याचा धावा करतोय. आत गाभाऱ्यात एक नर्तकी आणि तिच्या भोवती वाद्यं वाजवणाऱ्या बायका. मोबाईलचा टॉर्च सरळ समोर मारला की सगळं सपाट दिसतं, टॉर्च बाजूनं, तिरका धरा, मग बोटं, बांगड्या, वाद्याची कड सगळं वर येतं. त्याच्या आधी पाच मिनिटं नुसतं आत बसायचं, डोळे अंधाराला सरावू द्यायचे. बाहेरच्या उन्हातून आत शिरून 'काहीच दिसत नाय' म्हणत बाहेर पडणारे खूप पाहिलेत.

तीन नंबरमध्ये बुद्धासमोर गुडघे टेकून बसलेले स्त्री-पुरुष आहेत, पूर्ण माणसाएवढे वाटतात, प्रत्येकाचं केस बांधणं वेगळं, दागिने वेगळे. त्यांच्या चेहऱ्यांकडे पाहायला लोक थांबतच नाहीत, सरळ बुद्धाचा फोटो आणि चालू पडले.

लेणी उघडायच्या आधी पोहोचलात तर गेटसमोर ताटकळत बसू नका, जवळच गोगाबाबा टेकडी आहे, सकाळी शहरातली मंडळी तिथं चढायला येतात, त्यांच्या मागोमाग जा. वरून मकबऱ्याचा घुमट, विद्यापीठ आणि सगळं शहर एका नजरेत येतं. आणि हा घुमट नीट लक्षात ठेवा, कारण डोंगरावर पायवाटा खूप फुटतात, गुरांच्या पण असतात, अन् चुकलात तर नेटवर्कची वाट पाहण्यापेक्षा उताराने घुमटाच्या दिशेने खाली यायचं, रस्ता लागतोच. पावसाळ्यात मात्र हा शॉर्टकट करू नका, काळा दगड ओला झाला की शेवाळाने साबणासारखा होतो.

अजून एक, कुसळं. पावसाळा संपला की ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये डोंगर सोनेरी दिसतो, फोटोला भारी, पण त्या वाळलेल्या गवताची कुसळं मोज्यात शिरली की ती एकेक करून काढताना जीव जातो, टोक आत घुसलेलं असतं आणि ओढलं की अर्धं तुटून तिथंच राहतं. जाळीदार स्पोर्ट्स शूज आणि लोकरी मोजे हे सगळ्यात वाईट कॉम्बिनेशन. जाड कापडाची फुल पॅंट, गुळगुळीत मोजे, आणि पायवाट सोडून गवतात शिरायचं नाही. कुसळं शिरलीच तर बसून मोजा उलटा करा आणि आतल्या बाजूने टोक धरून पुढे ओढून काढा, मागे ओढू नका.

आग्या मोहोळ कड्याकपारीत असतंच. सेंट मारून जाणं, मोठ्यानं आरडाओरडा, सिगारेट, हे सगळं बंद. माशा उठल्याच तर हातवारे करत उभं राहायचं नाही, तोंड कापडाने झाकून सरळ पळायचं, आणि जास्त चावल्या असतील किंवा श्वासाला त्रास व्हायला लागला तर घरगुती उपाय करत न बसता थेट दवाखाना.

मकबरा, आणि ती ताजमहालची कटकट

मकबऱ्यावर गेल्यावर 'ताजमहालची स्वस्तातली कॉपी' एवढं बोलून निघून येणं ही चूक नाही म्हणायची, हा आळस आहे. औरंगजेबाची बायको दिलरस बानू बेगम, तिची ही कबर, खर्च झाला साधारण पावणेसात लाख रुपये, आणि संगमरवर सगळीकडे नाही, खालच्या पट्ट्याला आणि घुमटाला आहे, मधलं बरंचसं काम दगडावर चुन्याच्या गिलाव्याचं. पण तो गिलावा जवळून पाहिलाय का कधी? त्यातली फुलंपानं हाताने घडवलेली आहेत. आणि आत शिरताना मुख्य दरवाजावर पितळी पत्र्याचं काम आहे, त्यावर अताउल्ला आणि हंसपत राय अशी कारागिरांची नावं आहेत. अताउल्ला हा ताजमहालच्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा, म्हणजे साम्य दिसतं ते घरातूनच आलंय. सगळे त्या दरवाजातून धावत आत जातात कारण समोर घुमट दिसतो.

वर कबरीपाशी जाताना चपला काढायच्या असतात, उन्हाळ्यात दुपारी गेलात तर पायाला चटका बसून उड्या मारत फिराल, पातळ मोजे जवळ ठेवा. संध्याकाळी मागच्या बाजूला जाऊन उत्तरेकडे पाहा, सकाळी तुम्ही चढलात तोच डोंगर.

तिकिटाचं म्हणाल तर मकबरा, लेणी, दौलताबाद तिन्हीकडे पुरातत्त्व खात्याचं तिकीट, क्यूआर स्कॅन करून ऑनलाइन काढलं की थोडं स्वस्त पडतं आणि पंधरा वर्षांखालच्या पोरांना तिकीट नाही. पण लेण्यांपाशी रेंजचा भरोसा नाही, रूमवरूनच काढून स्क्रीनशॉट ठेवा, शिवाय थोडी कॅश खिशात. आणि वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी बंद, हे दरवेळी सांगूनही दर मंगळवारी कोणीतरी वेरूळच्या गेटवर उभं असतंच.

पाणचक्कीला 'एवढंच?' म्हणून परत फिरणारेही तसेच. चाक फिरतं, पाणी पडतं, फोटो. अहो पण त्या हौदाखाली काय आहे ते विचारा, हौदाचा तळ म्हणजेच खालच्या मोठ्या दालनाचं छत आहे, जाड खांबांवर तोललेलं, त्यामुळे ते दालन उन्हाळ्यात थंडगार राहायचं. पाणी कैक किलोमीटर लांबच्या डोंगरातून, मातीच्या नळांतून, पंप-मोटार काही नसताना केवळ उताराच्या जोरावर आणलेलं, आणि त्या चक्कीवर दळलेलं पीठ फकीर-यात्रेकरूंच्या पोटात जायचं. बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा तिथंच आहे, तेव्हा शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी कॅमेरा घेऊन मध्ये मध्ये करू नका.

रस्त्यावरचं

बावन्न दरवाजांचं शहर म्हणतात, आज उभे आहेत ते मोजकेच. दिल्ली गेट उत्तरेला, पैठण गेट दक्षिणेला, मकाई गेट पश्चिमेला, ज्या दिशेचा रस्ता तिकडचं नाव. जुन्या गल्ल्यांत मॅप गोल गोल फिरवतो, तेव्हा मॅप बंद करून सरळ 'भाऊ, भडकल गेट कुठंय' विचारा, लहान पोरगं पण सांगेल. (भडकल गेट मलिक अंबरने मुघलांना हरवल्यावर १६१२ मध्ये बांधलाय, कमानीखाली दोन मिनिटं मान वर करून उभं राहा.) फक्त जिथं कमानीतूनच रस्ता जातो, तिथं कमानीच्या मधोमध सेल्फी म्हणजे शुद्ध वेडेपणा.

निसर्ग पाहिजे आणि डोंगर नको असेल तर हिमायत बाग, पहाटे, जुनी आंब्याची झाडं आणि नशीब असेल तर मोर. समोर सलीम अली सरोवर आहे पण काठावर उतरता येईल असं धरून जाऊ नका, दुर्बीण असेल तर रस्त्याकडूनच पक्षी पाहा.

१४ जानेवारीला विद्यापीठ गेटकडे शांत वॉक होईल ही आशा सोडा. त्या दिवशी नामविस्तार दिन, मराठवाडाभरातून माणूस येतो, पुस्तकांचे स्टॉल लागतात, पाय ठेवायला जागा नसते. उलट तेच पाहायला मुद्दाम जावं असं माझं मत आहे. तसंच श्रावणी शनिवारी आणि हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री शहरातून खुलताबादच्या भद्रा मारुतीला लोक रात्रभर पायी जातात, त्या वेळी दौलताबादच्या रस्त्याला गाडीने जायचा हट्ट करू नका.

दौलताबादबद्दल थोडक्यात. शहरातून पंधराएक किलोमीटर, खुलताबाद-वेरूळकडे जाणारी एसटी पकडा आणि किल्ल्यापाशी उतरा. यादवांची राजधानी देवगिरी ती हीच, तुघलकाने १३२७ मध्ये दिल्लीची राजधानी आणली ती पण इथंच. इथली नेहमीची चूक म्हणजे चांदमिनार आणि मेंढा तोफेपर्यंत सगळा दम आणि सगळं पाणी संपवणं, खरा चढ खंदकाच्या पुलानंतर सुरू होतो आणि वर पाण्याची सोय होईल या भरवशावर राहू नका. माणशी दोन लिटर तरी घ्या, सोबत ओआरएसचं पाकीट. अंधारीत, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयारी वाटेत, वटवाघळं असतात, पायऱ्या वळणाच्या आणि उंचसखल, ज्याला गुदमरल्यासारखं होतं त्याने बाजूच्या उघड्या पायऱ्यांनी जावं, त्यात लाज काय. हातात खाऊची पिशवी लोंबकळती ठेवली तर ती माकडांची समजा.

दुपारी दोननंतर चढायला सुरुवात केली तर बारादरीपर्यंत जाऊन निवांत बसणं विसरा, डिसेंबरात सहाच्या आसपास अंधारून येतं. त्यापेक्षा सकाळी लवकर जा, दुपारपर्यंत खाली या, सीझन असेल तर रस्त्याकडेला सीताफळं-पेरू घ्या, शहरात येऊन सिटी चौक नाहीतर शहागंजकडे नान खलिया चापा. आणि परतीची एसटी उभ्यानेच मिळेल असं गृहीत धरा, विशेषतः रविवारी.