स्पिती बघायची तर खालून वर

हिमाचलमधल्या स्पितीला पहिल्यांदा जाताय ना, मग मनालीकडून जाऊ नका. सिमल्याकडून, सतलजच्या काठाने, किन्नौरमधून जा. दोन-तीन दिवस जास्त मोडतात, मान्य. पण मनाली साधारण २,०५० मीटरवर. तिथून पहाटे निघालेली गाडी दुपारी ४,५५१ मीटरच्या कुंझुम खिंडीत असते, आणि रात्री तुम्ही काझात, स्पितीच्या मुख्य गावात, ३,६५० मीटरवर, डोकं धरून बसलेले असता. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी काझा वरच राहतं. एका दिवसात एवढी उडी शरीराला सोसत नाही, मग तुम्ही रोज पर्वती चढत असा नाहीतर आणखी काही.

दुसरं कारण माझं स्वतःचं. मी आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली, त्यामुळे मी कुठेही गेले की आधी भिंती बघते. सिमल्याच्या वाटेने गेलं की स्पितीचे गोंपा, म्हणजे बौद्ध मठ, बरोबर काळाच्या क्रमाने समोर येतात. आधी ताबो, नदीकाठच्या सपाट मोकळ्या जागेवर. मग धनकर, ढासळत्या कड्याच्या टोकावर. मग ‘की’ नावाचा गोंपा, टेकडीवर गढीसारखा रचलेला. ताबो बांधलं तेव्हा पश्चिम तिबेटातल्या गुगेच्या राजांचा दरारा होता, उघड्यावर बांधायची भीती नव्हती. पुढे लडाख, मंगोल, कुल्लू, डोगरे अशा फौजा येत राहिल्या आणि देव, पोथ्या, धान्य सगळंच उंचावर गेलं. शरीराला मानवणारा क्रम आणि इतिहासाचा क्रम असा एकच असणं क्वचित घडतं. त्याचा फायदा घ्या.

कधी निघायचं

स्पिती पर्जन्यछायेत आहे, तिथे पावसाळा नावालाच. पण तिथवर नेणारा किन्नौरचा रस्ता जुलै-ऑगस्टमध्ये दरडींनी अडतो. म्हणून जून नाहीतर सप्टेंबर. गणपती उठले की निघा, असं मी सांगते. तेव्हा जवाची कापणी चाललेली असते, आकाश धुतल्यासारखं असतं आणि गर्दी ओसरलेली असते. मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीतच जमणार असेल तरी हरकत नाही, किन्नौरची बाजू तेव्हा चालू असते. मात्र कुंझुम बहुधा बर्फाखाली असतो, त्यामुळे आल्या वाटेने परत यायच्या हिशोबानेच तिकिटं काढा.

परवान्याची काळजी नको. किन्नौर-स्पितीच्या सीमेवरच्या सुमदोच्या तपासणी नाक्यावर भारतीयांना फक्त ओळखपत्र दाखवावं लागतं. तुमच्या अमेरिकेतल्या जावयाकडे परदेशी पासपोर्ट असेल तर त्याला मात्र इनर लाइन परमिट लागेल. ते किन्नौरमधल्या रेकाँग पिओला मिळतं, त्यासाठी अर्धा दिवस हाताशी ठेवा.

सिमला ते कल्पा

दिल्ली किंवा चंडीगढहून सिमल्याला जा. सिमल्यात रेंगाळू नका. तिथून पुढचा रस्ता म्हणजे जुना हिंदुस्तान-तिबेट मार्ग, डलहौसीच्या काळात १८५० साली काढायला घेतलेला. पहिला मुक्काम सराहन. बुशहरच्या राजांचं भीमाकाली मंदिर इथे आहे. त्याची भिंत जवळ जाऊन बघा. देवदाराच्या तुळया आणि दगड यांचे एकाआड एक थर, मध्ये चुना नाही. भूकंपात अशी भिंत हलते, पण फुटत नाही. ही काठकुणी बांधणी नीट लक्षात ठेवा, कारण दोन दिवसांनी लाकूड संपणार आहे.

दुसरा मुक्काम कल्पा, २,९६० मीटर. इथे शक्यतो दोन रात्री काढा. समोर किन्नर कैलास आहे, खाली सफरचंदाच्या बागा आहेत, कंटाळा यायचं कारण नाही. दुसऱ्या दिवशी रोघी गावापर्यंत सावकाश चालत जाऊन या. स्वतःचं वाहन असेल तर खालच्या पोवारीला टाकी पूर्ण भरा, पुढचा भरवशाचा पंप काझालाच. एसटीत आयुष्य गेलेल्यांना हिमाचल परिवहनची बस अगदी घरच्यासारखी वाटेल. कल्पाखालच्या रेकाँग पिओहून काझाची बस सकाळी लवकर सुटते. आदल्या संध्याकाळी स्टँडवर जाऊन वेळ विचारून घ्या, आणि सकाळी खिडकी उघडायच्या आधीच रांगेत उभे राहा.

नाकोला थांबा, पण झोपू नका

बहुतेक सहलींच्या पत्रकात कल्पानंतरचा मुक्काम नाको असतो. नाको ३,६६० मीटरवर आहे, म्हणजे कल्पाहून एकदम सातशे मीटर वर. तीन हजार मीटरच्या वर गेलं की झोपायची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, असा डॉक्टरांचा ढोबळ नियम आहे. तेव्हा नाकोला दोन तास थांबा, तळं बघा, जुन्या गोंपाच्या मातीच्या खोल्या बघा, जेवा आणि पुढे ताबोला जाऊन झोपा. ताबो ३,२८० मीटरवर आहे. दिवस लांबतो खरा, पण वर जाऊन खाली झोपणं हेच तर हवं असतं.

वाटेत खाब लागतं. तिबेटातून शिपकी-ला खिंडीच्या बाजूने आलेली सतलज आणि आपली स्पिती नदी इथे मिळतात. पुलावरून पलीकडे गेलात की झाड दिसेनासं होतं. लाकूड नाही, पाऊस नाही, म्हणून घरं मातीच्या विटांची आणि छपरं सपाट. छपराच्या कडेने काटक्यांच्या मोळ्या रचलेल्या दिसतील. ते हिवाळ्याचं सरपण.

सुमदोच्या पुढे ग्यू गावाचा फाटा आहे. बसलेल्या स्थितीत देह ठेवलेल्या एका भिक्षूचं, साधारण पाचशे वर्षांपूर्वीचं, शव तिथे काचेत आहे. १९७५च्या भूकंपानंतर ते उजेडात आलं. जाऊ नका असं म्हणत नाही. मला स्वतःला तिथे सेल्फी काढणारी माणसं बघवली नाहीत.

ताबो: इथे वेळ द्या

स्पितीत एकच जागा नीट बघणार असाल तर ती ताबो. स्थापना इ.स. ९९६, गुगेचा राजा येशे-ओ आणि भाषांतरकार भिक्षू रिन्चेन झांगपो यांच्या काळातली. रिन्चेन झांगपोने काश्मीरहून कारागीर आणले, असं परंपरा सांगते, आणि चित्रांतले डोळे, कमरेची लय, कापडावरची नक्षी बघितली की ते पटतं. छेचाळीस वर्षांनी, १०४२ साली, येशे-ओच्या वंशातल्या जांगचुब-ओने जीर्णोद्धार केल्याचा लेख आतच भिंतीवर आहे.

बाहेरून बघाल तर निराश व्हाल. मातीचे मोठाले ढेकूळ उन्हात ठेवावेत तसं दिसतं. शिखर नाही, रंग नाही. शेजारचा रंगीत, नवा गोंपा १९८३चा. लोक तोच बघून गाडीत बसतात. तुम्ही किल्ली कोणाकडे आहे ते विचारा. लामा जेवायला गेले असतील तर वाट बघा, तिथे बसायला जागा आणि सावली आहे.

आत फोटो काढायचे नाहीत, आणि हा नियम पाळा. छोटी, पिवळसर उजेडाची विजेरी जवळ ठेवा, वापरायच्या आधी लामांना विचारा आणि प्रकाश एकाच जागी रोखून धरू नका. आत गेल्यावर पहिली पाच मिनिटं काहीही दिसत नाही. उभे राहा. हळूहळू भिंतीतून आकृत्या पुढे येतात. माणसाच्या उंचीच्या जरा वर, कमळांवर बसलेल्या मातीच्या मूर्ती चारी बाजूंनी भिंतीतून बाहेर आल्यात, त्यांना खालून टेकू दिसत नाही. मागच्या बाजूला चार दिशांना तोंड करून बसलेला वैरोचन बुद्ध. या सगळ्या मूर्ती मिळून एक मंडल, म्हणजे देवतांची आखीव मांडणी, तयार होतं, आणि तुम्ही त्याच्या आत उभे असता. बाहेरून बघायचं मंडल कागदावर पुष्कळदा बघितलं होतं. त्यात शिरता येतं हे मला ताबोत कळलं.

आता डावीकडून, प्रदक्षिणेच्या दिशेने सुरुवात करा आणि मूर्तींच्या खालचा चित्रांचा पट्टा वाचत जा. दक्षिणेच्या भिंतीवर सुधनाची गोष्ट आहे. हा व्यापाऱ्याचा मुलगा ज्ञानासाठी घराबाहेर पडतो आणि एका गुरूकडून दुसऱ्याकडे जात राहतो. त्यात राजे आहेत, बायका आहेत, नावाडी आहे. प्रत्येक जण आपल्याला येतं तेवढं शिकवतो आणि पुढच्याचा पत्ता देतो. उत्तरेच्या भिंतीवर बुद्धाचं चरित्र. गाभाऱ्याच्या मागून फिरायची अरुंद वाट आहे, तीही सोडू नका.

ताबोला हिमालयातलं अजिंठा म्हणतात. ज्याने अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यातल्या जातककथा बघितल्यात त्याला एक फरक लगेच जाणवेल. अजिंठ्यात प्रसंग एकमेकांत मिसळतात, गर्दी असते, डोळा भिरभिरतो. ताबोत चित्र ओळीने चालतं, पोथीसारखं. आणि अजिंठ्याच्या रंगामागे कातळ आहे, इथे नुसती माती. ती हजार वर्षं आणि १९७५चा भूकंप सोसून उभी आहे. हात लावू नका, पाठीवरची पिशवी बाहेर ठेवा. पिशवीची एक घासट पुरते.

ताबोला दोन रात्री राहा. दुसऱ्या दिवशी गावावरच्या टेकडीतल्या गुहा बघा, भिक्षू तिथे ध्यानाला बसत.

घरात राहणं

हॉटेलपेक्षा होमस्टे घ्या. पूर्वी स्पितीत जमीन थोरल्या मुलाकडे जायची आणि धाकटे भिक्षू व्हायचे. थोरल्याचं लग्न झालं की आईवडील मोठं घर त्याच्या हाती देऊन शेजारच्या लहान घरात राहायला जात. मोठं ते खांगछेन, लहान ते खांगछुंग. तुम्ही ज्या खोलीत झोपणार ती कुठल्या घराची आहे हे विचारा. गप्पांना याहून चांगली सुरुवात नाही.

संडास कोरडा असतो. वरच्या मजल्यावर जमिनीला भोक, बाजूला मातीचा ढीग आणि फावडं. काम झालं की माती टाकायची. पाणी अजिबात ओतायचं नाही. वर्षाने तेच खत होऊन शेतात जातं, आणि त्या शेतातला मटार हे इथलं मुख्य नगदी पीक. आपल्या लोकांना पाण्याची सवय, म्हणून मुद्दाम सांगते.

वर भूक मरते. थुक्पा, मोमो, त्साम्पा सगळं खा, पण डब्यात मेतकूट आणि थोडं तूप असू द्या. मऊ भातावर तेवढंच जातं. दिवसभर थोडं थोडं पाणी प्या. दारू आणि झोपेची गोळी नको. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी घ्यायची का, ते निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा. सल्फाची ॲलर्जी असेल तर आवर्जून सांगा. आल्या दिवशी पडून राहू नका. ‘बैठो, पानी पियो, सोना मत,’ असं एका घरातल्या आजींनी माझ्या भाच्याला दटावलं होतं. राजगड-तोरणा एका दमात करणारा तो मुलगा. असलीच मुलं जास्त आजारी पडतात, कारण ती पळतात.

डोकं दुखतंय आणि मळमळतंय, तर त्या दिवशी आणखी वर जायचं नाही. चालताना झोक जातोय, किंवा बसल्या जागी धाप लागतेय, तर सकाळची वाट न बघता खाली न्यायचं. खाली म्हणजे ताबो-पिओच्या दिशेला. काझाहून मनालीची वाट आधी कुंझुमवर चढते, आजाऱ्याला तिकडून नेणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. काझाला सरकारी रुग्णालय आहे, तिथे आधी दाखवा.

धनकर, काझा, ‘की’

धनकर ही स्पितीची जुनी राजधानी. स्पिती आणि पिन यांच्या संगमावर, गाळमातीच्या सुळक्यांवर गोंपा आणि गढी लटकल्यासारखी आहेत. खालची माती झिजतेय. २००६ साली जगातल्या शंभर धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत धनकरचं नाव होतं. आत लामा सांगतील तेवढ्याच माणसांनी जायचं.

काझाला स्टेट बँकेचं एटीएम आहे, पण ते चालू असेलच असं समजू नका, रोकड जवळ ठेवा. ‘की’ गोंपा ४,१६६ मीटरवर. डोगऱ्यांच्या सैन्याने १८४१ साली त्याची नासधूस केली, पुन्हा बांधला, १९७५ला पुन्हा हादरला. खोल्यांवर खोल्या अशा वेड्यावाकड्या चढल्यात त्याचं हेच कारण. सकाळी प्रार्थनेच्या वेळी जा.

लांगझा, हिक्कीम, कोमिक एका दिवसात होतात, झोपायला काझालाच या. हिक्कीमच्या, उंचीमुळे गाजलेल्या टपाल कचेरीतून सगळे कार्ड टाकतात, तुम्हीही टाका. लांगझाला मुलं अमोनाइट विकायला आणतील. हिमालयाआधी इथे असलेल्या टेथिस समुद्राच्या तळातले हे जीवाश्म, आपल्या देव्हाऱ्यातल्या शाळिग्रामाचे भाऊबंद. घेऊ नका. डोंगरातून ते उकरून काढले जातात ते आपल्यासारख्यांसाठीच.

परतीला कुंझुम

आता शरीर तयार आहे, आता मनालीकडून उतरा. काझाहून अंधारातच निघा, कारण लोसरच्या पुढे बातल-ग्राम्फूपर्यंत रस्ता नावालाच आहे आणि दुपारी उन्हाने बर्फ वितळलं की रस्त्यावरून वाहणारे नाले चढतात. कुंझुमला ड्रायव्हर देवळाला वळसा घालेल, त्याला घाई करू नका. चंद्रतालला राहायचं तर तंबू तळ्यापासून लांब आहेत, शेवटचा टप्पा पायी. ग्राम्फूनंतर अटल बोगदा लागतो आणि दुसऱ्या तोंडाला हिरवाई.

खिंड अचानक बंद झाली तर आल्या वाटेनेच परतावं लागेल. हे गाडी ठरवतानाच ड्रायव्हरशी बोलून घ्या, पैशांसकट, आणि परतीच्या तिकिटाआधी दोन दिवस मोकळे सोडा.