घरच्या लेथला कोणतं टूल घ्यावं

जळगाव-धुळ्याकडे घरामागच्या पत्र्याच्या शेडमधल्या लेथवर (धातूचा तुकडा फिरवत कापायच्या यंत्रावर) कामं येतात ती बहुतेक शेतीची: मोटरपंपाची शाफ्ट, गनमेटलची बुश, ट्रॅक्टरच्या अवजाराची पिन, एखादी पुली. टूल निवडायचं ते या कामांकडे आणि आपल्या मोटरकडे बघून. लेथ हलका आणि सिंगल फेजवर १ एचपीची मोटर असेल, तर दहा-बारा टूलांचा तयार सेट आणू नका. त्यातली निम्मी पेटीतच पडून राहतात.

सुरुवात एचएसएसने, म्हणजे हाय स्पीड स्टीलच्या टूलने करा. २५ मिमीचा माइल्ड स्टीलचा बार एचएसएसने साधारण ३५० आरपीएमला नीट कापतो. त्याच बारवर कार्बाइडला (एचएसएसपेक्षा कडक पण ठिसूळ टूलला) १,२०० च्या आसपास वेग लागतो, आणि पट्ट्याच्या जुन्या लेथला तो बहुधा नसतोच. कमी वेगात कार्बाइडच्या टोकाला लोखंड चिकटतं, पृष्ठभाग फाटल्यासारखा येतो आणि चिकटलेला कण निघताना धारेचा तुकडाही नेतो.

१० किंवा १२ मिमी चौरस एचएसएसचे तीन तुकडे पुरतात. पहिला टर्निंग-फेसिंगचा, म्हणजे बाहेरचा गोल आणि तोंड कापायचा: समोर आणि बाजूला ८ ते १० अंश क्लिअरन्स (धारेखाली जॉबला घासू नये म्हणून दिलेला उतार), वर बाजूचा उतार १२ अंश, नाकाला अर्ध्या मिमीची गोलाई. दुसरा ६० अंशांचा, आट्यांसाठी. तिसरा पितळ आणि गनमेटलसाठी, वरून अगदी सपाट. पितळेवर स्टीलचं उताराचं टूल लावलं तर ते स्वतःच आत ओढलं जातं आणि बुश वाया जाते.

धार लावताना ग्राइंडरचा रेस्ट चाकापासून ३ मिमीपेक्षा लांब नको. दाब हलका ठेवा आणि तुकडा हाताला चटका बसायच्या आत पाण्यात बुडवा. लाल होऊ दिला आणि मग बुडवला तर बारीक तडे जातात. शेवटी ऑइल स्टोनवर चार-पाच हात मारा. या चार-पाच हातांनी फिनिशिंगमध्ये पडणारा फरक डोळ्यांना दिसतो.

टूल कितीही चांगलं असलं तरी त्याची उंची चुकली की सगळं बिघडतं. लेथ बंद ठेवून ६ इंची स्टीलपट्टी गोल जॉब (कापायचा तुकडा) आणि टूलचं टोक यांच्यामध्ये हलकेच धरा. पट्टी उभी राहिली म्हणजे टोक सेंटरला, जॉबच्या मध्याच्या उंचीला आहे. तिचं वरचं टोक जॉबकडे झुकलं तर टूल वर आहे, आपल्याकडे झुकलं तर खाली. चार बाजूंच्या टूल पोस्टवर (टूल धरणाऱ्या ठोकळ्यावर) टूल उचलायच्या पॅकिंगला तुटलेली हॅकसॉ ब्लेड उत्तम, मात्र दाते घासून काढा आणि ब्लेड टूलखाली पूर्ण लांबीची हवी. वारंवार टूल बदलत असाल तर क्विक चेंज (टूल झटकन बदलता येणाऱ्या) टूल पोस्टचा खर्च खरोखर वसूल होतो.

पार्टिंगला, म्हणजे जॉब कापून वेगळा करायला २ ते ३ मिमी रुंद ब्लेड घ्या. ते जॉबच्या त्रिज्येपेक्षा जेमतेम जास्त बाहेर काढा, वेग टर्निंगच्या निम्मा ठेवा आणि तेल सोडत राहा. ब्लेड अडकतं ते बहुतेक वेळा क्रॉस स्लाइड (टूल जॉबकडे आत-बाहेर नेणारा भाग) ढिली असल्याने किंवा ब्लेड जॉबला काटकोनात नसल्याने. छिद्र आतून मोठं करायचा बोरिंग बार छिद्रात जाईल तेवढा जाड निवडा आणि जाडीच्या चौपटीपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका, नाहीतर तो थरथरतो.

इन्सर्ट (होल्डरवर स्क्रूने बसवायचा कार्बाइडचा तयार तुकडा) घ्यायचाच झाला तर सीसीएमटी ०६०२०४ या कोडचा लहान लेथला सोसतो. त्यातला शेवटचा ०४ म्हणजे नाकाची गोलाई ०.४ मिमी. टीएनएमजी हा इन्सर्ट मोठ्या दणकट यंत्रांसाठी आहे, त्याला ताकद जास्त लागते. ॲल्युमिनियमला मात्र सीसीजीटी इन्सर्ट घ्या. बिडाच्या पुलीवर के-२० ग्रेडचं ब्रेझ्ड टूल (टोकाला कार्बाइड झाळलेलं) चालतं. पहिला कट १ ते दीड मिमी खोल घ्या. वरची कडक साल नुसती खरवडत राहिलात तर धार लगेच बोथट होते. या टूलला धार लावायला ग्राइंडरचं हिरवं चाक लागतं, आणि हे टूल पाण्यात कधीच बुडवू नका.

भंगारातून आणलेला बार चकमध्ये (लेथच्या जॉब धरणाऱ्या जबड्यात) बांधण्याआधी त्यावर कानस फिरवून बघा. कानस घसरली, खरवडलीच नाही, तर माल कडक आहे आणि एचएसएस त्यावर टिकणार नाही. जुन्या बेअरिंगच्या रिंगा याच प्रकारातल्या.