रस्त्याकडची आणि पाण्याकडची दर्शनी लांबी कशी मोजावी, कशी वाचावी

भूखंडाची जी हद्द सार्वजनिक रस्त्याला किंवा जलाशयाला लागून असते, त्या हद्दीच्या लांबीला दर्शनी लांबी म्हणतात. बोलताना आपण सर्रास ‘फ्रंटेज’ म्हणतो. व्याख्या एका ओळीची असली, तरी फसगत होते ती ‘लागून’ या शब्दापाशी. भूखंड आणि रस्ता यांच्यामध्ये दुसऱ्याच्या मालकीची हातभर रुंदीची पट्टी शिल्लक राहिली असेल, तर जागेवर उभे राहून रस्ता कितीही जवळ दिसला, तरी कागदोपत्री दर्शनी लांबी शून्य असते. म्हणून टेप काढण्याआधी मोजणीचा नकाशा उघडावा आणि भूखंडाची हद्द व रस्त्याची हद्द ही एकच रेषा आहे की त्या दोन वेगळ्या रेषा आहेत, हे आधी पाहावे.

रस्त्याची हद्द म्हणजे डांबराची कड नव्हे. पदपथ, गटार, झाडांची पट्टी आणि अनेकदा भावी रुंदीकरणासाठी राखलेली जागा हे सारे रस्त्याच्या हद्दीत मोडते. कुंपणाच्या भिंतीवरून मोजणे त्याहून धोक्याचे, कारण भिंत कोणी, केव्हा आणि कोणाच्या जमिनीत बांधली हे ती सांगत नाही. मोजणी हद्दीच्या दोन खुणांमध्ये, आडव्या पातळीत करावी. उतारावर टेप जमिनीला टेकवून धरला, तर लांबी जास्त भरते.

रस्ता सरळ आणि बाजूच्या हद्दी त्याला काटकोनात असतील, तर दर्शनी लांबी आणि भूखंडाची रुंदी एकच येते. अन्यथा दोन्ही आकडे वेगळे मागावेत. समजा, समांतर बाजूंच्या भूखंडाची रुंदी 12 मीटर आहे आणि रस्ता त्या बाजूंना 60 अंशांत छेदतो. मग रस्त्याकडची लांबी सुमारे 13.86 मीटर भरते, पण बांधकामाला मिळणारी रुंदी 12 मीटरच राहते. जाहिरातीत अर्थातच मोठा आकडा छापतात. गल्लीच्या बंद टोकाशी असलेल्या गोलाकार वळणावर उलटा प्रकार होतो. वळणाची त्रिज्या 12 मीटर, भूखंडाचा त्या कमानीवरचा भाग 9 मीटर आणि बाजूच्या हद्दी त्रिज्येच्या दिशेने मागे पसरणाऱ्या असतील, तर 6 मीटर आत तीच कमान 13.5 मीटरची होते. म्हणूनच अशा भूखंडांसाठी अनेक ठिकाणचे नियम किमान रुंदी रस्त्यापाशी नव्हे, तर पुढचे सामासिक अंतर, म्हणजे हद्दीपासून बांधकामाशिवाय मोकळी ठेवायची जागा, सोडल्यानंतरच्या रेषेवर पाहतात. वक्र हद्दीवर लांबी कमानीने मोजली की दोन टोके सरळ जोडून, हेही विचारावे. वरच्या उदाहरणात सरळ अंतर सुमारे 8.79 मीटर येते.

दर्शनी लांबीला किंमत का येते, हे समजायला मूल्यांकनातला 4-3-2-1 हा जुना ठोकताळा उपयोगी पडतो. भूखंडाच्या खोलीचे, म्हणजे रस्त्यापासून मागच्या हद्दीपर्यंतच्या अंतराचे, चार समान भाग केले, तर रस्त्यालगतच्या पहिल्या भागाला एकूण मूल्याच्या 40 टक्के आणि मागच्या भागांना अनुक्रमे 30, 20 व 10 टक्के मूल्य द्यायचे, असा तो हिशेब आहे. तो दुकानांच्या जागेला बरा लागू पडतो, राहत्या घराला कमी. शिवाय पदपथ किंवा मलवाहिनी यांचा खर्च काही ठिकाणी दर्शनी लांबीच्या प्रमाणात वसूल करतात, तेव्हा लांब दर्शनी बाजू हा निव्वळ लाभ मानू नये. द्रुतगती मार्गालगत तर लांबी भरपूर असूनही वाहन आत घेण्याची परवानगी नसते. अशा वेळी प्रवेशाचा हक्क स्वतंत्रपणे तपासावा लागतो.

पाण्याकडची बाजू याहून अवघड आहे, कारण तिथली हद्द स्वतःच हलते. पहिला प्रश्न असा की, हद्द कोणत्या पातळीवर धरली आहे: भरतीची रेषा, ओहोटीची रेषा, काठाचा माथा की प्रवाहाचा मध्य? याचे उत्तर त्या त्या ठिकाणच्या कायद्यात असते. 20 मीटरला 1 मीटर असा उतार असलेल्या किनाऱ्यावर पाण्याची पातळी 1 मीटरने उतरली, की 20 मीटर रुंदीची जमीन उघडी पडते. ती कोणाची, हा प्रश्न लहान नाही. दुसरा प्रश्न काठाच्या वळणांचा. वाकड्यातिकड्या काठाने चालत मोजलेली लांबी सरळ रेषेपेक्षा नेहमी जास्त येते, म्हणून दोन भूखंडांची तुलना करताना दोन्ही एकाच पद्धतीने मोजलेले असावेत.

काठ हळूहळू, गाळ साचत पुढे सरकला, तर अनेक कायदेपद्धतींत ती मळईची जमीन लगतच्या मालकाला मिळते आणि हद्द पाण्याबरोबर सरकते. नदीने एकाएकी नवे पात्र धरले, तर मात्र हद्द जुन्याच जागी राहते. 1877 मध्ये अमेरिकेतील मिसूरी नदीने असेच पात्र बदलले आणि 1892 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने नेब्रास्का व आयोवा या राज्यांची सीमा जुन्या पात्रातच ठेवली. त्यामुळे कार्टर लेक हे गाव आजही नदीच्या पश्चिमेला असूनही आयोवात आहे. एखाद्या मालकाच्या बाबतीत याचा अर्थ असा की, एका पुरानंतर त्याच्या जमिनीची पाण्याकडची बाजू पूर्णपणे नाहीशी होऊ शकते.

शेवटी विक्रीचा दस्त वाचताना ‘नदीपर्यंत’ आणि ‘नदीकाठच्या रस्त्यापर्यंत’ या शब्दांतला फरक सोडू नये. दुसऱ्या शब्दरचनेत मालकाला पाणी दिसते, पण त्याची हद्द पाण्याला लागत असेलच असे नाही. मग धक्का बांधणे किंवा पाणी उचलणे यांचा हक्क दस्तात वेगळा लिहिलेला आहे का, ते पाहावे लागते.