98 टक्के अचूकता आली? आधी माणसं मोजा

पायथन आणि ईईजीची (मेंदूतल्या विजेच्या तरंगांची नोंद) तोंडओळख आहे असं धरून चालतो. झोपेच्या नोंदींवर मॉडेल शिकवून पार्किन्सनचा माग काढायचा म्हटलं की गाडी आरबीडीवर, म्हणजे रेम झोपेतल्या वर्तनाच्या विकारावर येतेच. रेम, म्हणजे स्वप्नांच्या झोपेत एरवी स्नायू ढिले पडतात. आरबीडीवाल्यांचे पडत नाहीत, मग स्वप्नातल्या मारामारीत शेजारी झोपलेल्याला खरोखरचे गुद्दे बसतात. 2019च्या बहुकेंद्री अभ्यासात आरबीडीचे 1280 रुग्ण होते. 12 वर्षांत पार्किन्सन किंवा त्याच कुळातला आजार गाठण्याचा धोका 73.5 टक्के निघाला. म्हणून सगळे इथे तुटून पडलेत.

आता खड्डा. आठ तासांची रात्र 30 सेकंदांच्या इपॉकमध्ये, म्हणजे तुकड्यांमध्ये कापली की माणशी 960 तुकडे. 20 माणसांचे 19,200. हुरूप येतोच! मग आपण ते पत्त्यांसारखे पिसतो आणि 80 टक्के शिकवायला, 20 टक्के तपासायला असे वाटतो. इथेच घात होतो. प्रत्येकाच्या तरंगांची ठेवण वेगळी असते आणि त्याचे तुकडे आता दोन्हीकडे आहेत. मॉडेल आजार शिकतच नाही, ‘हा सात नंबरवाला, हा आजारी’ एवढं पाठ करतं. तुमच्याकडे 19,200 नमुने नाहीत, 20 आहेत. पुन्हा वाचा: वीस. वाटणी माणसागणिक करा, एका माणसाचे सगळे तुकडे एकाच बाजूला ठेवणारं ग्रुप-के-फोल्ड वापरा. एकाच्या दोन रात्री असतील तर दोन्ही एकाच बाजूला. स्केलिंगही (आकडे एका मापात आणणं) वाटणीनंतरच. असं केल्यावर माझा आकडा जो गडगडला, की चार दिवस गाईडच्या केबिनवरून जाणंच टाळलं. आकडा पडला तर घाबरू नका, तोच खरा असतो.

फिझिओनेट या खुल्या वैद्यकीय डेटाच्या साइटवरच्या कॅप नावाच्या झोपेच्या नोंदींच्या संचात 22 आरबीडी रुग्ण आणि 16 निरोगी आहेत. छान. पण निरोगी मंडळी तरुण, रुग्ण बहुतेक साठीच्या पुढचे. वयाबरोबर गाढ झोप घटतेच, तेव्हा मॉडेल नुसतं वय ओळखूनही पास होईल.

गिटहबवरची तयार नोटबुकं उचलू नका. पिसणं त्यांतच दडलेलं असतं. गाईड निवडताना पेपर मोजू नका, तुमच्या शेजारी बसून हनुवटीचा ईएमजी (स्नायूंच्या ताणाची नोंद) डोळ्यांनी बघतो का ते बघा. महागडं जीपीयू नसलं तरी अडत नाही, यासा आणि एमएनई ही पायथनची पॅकेजं साध्या लॅपटॉपवर चालतात.

आणि नैराश्यावरच्या काही गोळ्यांमुळेही रेममध्ये स्नायू ताठ राहतात. फाईलमध्ये औषधांचा रकाना नसेल, तर कोड लिहिण्याआधी डॉक्टरांकडून तो मागून घ्या.