कोल्हापूरच्या हवेतही विमानाच्या कार्बोरेटरमध्ये बर्फ धरतो. तो ओळखायचा कसा, घालवायचा कसा

खानावळीत भट्टीवर तांबड्या रश्श्याचं पातेलं रटरटत असतं आणि त्याच भट्टीला जोडलेल्या सिलिंडरच्या बुडाला पांढरा बर्फ धरलेला असतो. आतल्या द्रवाची वाफ होताना ती भोवतालची उष्णता ओढून घेते. सेसना 152 सारख्या छोट्या विमानाच्या कार्बोरेटरमध्ये, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागात, पेट्रोलचं तेच होतं, शिवाय अरुंद गळ्यातून जाताना हवेचा दाब पडून ती आणखी गार होते. दोन्ही मिळून तापमान 30 अंशांनी, कधी त्याहूनही जास्त उतरतं. मग हवेतली ओल थ्रॉटलच्या, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या, झडपेवर गोठते आणि इंजिनाचा श्वास कोंडतो.

म्हणून निघण्याआधी तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतली वाफ दव होऊन साचू लागते तो आकडा) बघा. दोन्ही आकडे जवळजवळ असतील तर सावध. उणे 7 ते 21 अंश आणि 80 टक्क्यांवर आर्द्रता असेल तर धोका सर्वात जास्त, पण 30 अंशांच्या पुढेही बर्फ धरू शकतो. आपल्याकडे पन्हाळा ढगात गडप झालेला पावसाळा आणि पंचगंगेवर धुकं साचलेली हिवाळी सकाळ, दोन्ही यात बसतात.

जमिनीवर इंजिन तपासताना कार्ब हीटचा, म्हणजे कार्बोरेटरमध्ये गरम हवा सोडणारा, नॉब ओढा. आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) थोडा पडायलाच हवा. पडून आपोआप वर चढू लागला, तर बर्फ आधीच होता. ही गरम हवा फिल्टरमधून येत नाही, त्यामुळे धुळीत नॉब उगाच ओढून ठेवू नका.

हवेत तो चोरपावलांनी येतो. थ्रॉटल जागेवर असूनही आरपीएमचा काटा हळूहळू घसरतो आणि आपण नकळत थ्रॉटल जरा पुढे सारतो. फसगत इथेच होते. (कॉन्स्टंट स्पीड, म्हणजे फेरे आपोआप एकसारखे ठेवणारा, प्रोपेलर असेल तर आरपीएम हलत नाही, मॅनिफोल्ड प्रेशर, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब, पडतं.)

शंका आली की नॉब पूर्ण बाहेर ओढा, अर्धवट नको. आता खरी कसोटी. वितळलेलं पाणी इंजिनात जातं, ते खडखडतं, आरपीएम आणखी पडतो. शिकताना माझा हात लगेच नॉब आत ढकलायला गेला होता. शेजारून सर ओरडले, "हात काढ! थांब की जरा!" ती अर्धी-पाऊण मिनिटं संपता संपत नाहीत. मग खडखड थांबते, काटा वर येतो. आरपीएम स्थिरावला की नॉब आत. काटा पहिल्यापेक्षा वर गेला, तर बर्फ होताच. पुन्हा घसरू लागला तर पुन्हा ओढा.

उतरताना मात्र पॉवर कमी करण्याआधीच हीट लावा. मिटत आलेल्या झडपेवर बर्फ पटकन धरतो, आणि गरम हवा एक्झॉस्टभोवतीची, म्हणजे इंजिनाचा धूर सोडणाऱ्या नळीभोवतीची. तोच थंडावला तर नॉब ओढून उपयोग नाही. उतरणं रद्द करून पुन्हा वर जायचं झालं, तर फुल थ्रॉटल आणि हीट बंद. गरम हवा विरळ, ताकद कमी. त्यात कोल्हापूर विमानतळाची उजळाईवाडीची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर, तिथली हवा मुळातच थोडी पातळ.

फ्युएल इंजेक्शनच्या, म्हणजे पेट्रोल थेट फवारणाऱ्या, इंजिनाला कार्बोरेटरच नसतो. बाकीच्यांनी आपल्या विमानाच्या हँडबुकात लिहिलेला क्रमच पाळावा.