गोचिडानं कोणाचं रक्त प्यायलं? प्रयोगशाळेत नव्यानं येणाऱ्यांसाठी

गायीच्या अंगावरून काढलेला टम्म गोचीड कोणाचं रक्त प्यायला, हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. खरा प्रश्न रायमुनियाच्या झुडपावर उपाशी बसलेल्या गोचिडाचा. त्याच्यासारखे बरेच गोचीड जन्मात तीनदाच पोटभर पितात: अळी, निम्फ (अळी आणि प्रौढ यांमधली अवस्था) आणि प्रौढ अवस्थेत एकेकदा. म्हणजे उपाशी प्रौढाच्या पोटात उरलेलं रक्त निम्फ असतानाचं, बहुधा काही महिन्यांपूर्वीचं. ते पचत आलेलं असतं, डीएनएचे तुकडे झालेले असतात. या कामातल्या बहुतेक अडचणींचं मूळ हेच.

म्हणून आधी प्रजाती ओळखायला शिका. ढोरांवर सर्रास दिसणारा रिपिसेफॅलस मायक्रोप्लस तिन्ही अवस्था एकाच जनावरावर काढतो. त्याच्यावर रसायनं खर्चून नवं काही कळत नाही. हीमॅफिसॅलिस मात्र दर अवस्थेला यजमान, म्हणजे ज्याचं रक्त पितो तो प्राणी, बदलतो. तो पांढऱ्या फ्लॅनेलच्या मीटरभर कापडानं गोळा होतो. दव वाळल्यावर कापड आखराच्या कडेनं, धुऱ्यावरून ओढा आणि दर दहा-पंधरा मीटरला उलटून बघा. ओल्या कापडाला गोचीड लागत नाहीत. हायलोमा अॅनाटोलिकम कोठ्याच्या भिंतींच्या भेगांत शोधा. हायलोमा क्रिमियन-काँगो तापाचा विषाणू वाहू शकतो, म्हणून हातमोजे आणि चिमटा हवाच, बोटांनी चिरडणं नाही. अभयारण्यात पाऊल टाकण्याआधी वनविभागाची लेखी परवानगी घ्या.

गोचीड निव्वळ अल्कोहोलमध्ये ठेवा. फॉर्मलिनमध्ये डीएनए वाया जातो. कुपीत पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी टाका, पेनाची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.

प्रयोगशाळेत गोचीड पातळ सोडियम हायपोक्लोराइटमध्ये अर्धा मिनिट बुडवून निर्जंतुक पाण्यानं दोन-तीनदा धुवा, म्हणजे अंगावर चिकटलेला परका डीएनए जातो. नव्या ब्लेडनं बारीक तुकडे करा. पाठ टणक असते, अख्खा गोचीड विरघळत नाही. प्रथिनं तोडणाऱ्या 'प्रोटीनेज के' या विकरात ५६ अंश सेल्सिअसला रात्रभर ठेवून कॉलम किटनं डीएनए काढा. शेवटी कॉलममधून डीएनए उतरवून घ्यायला ५० मायक्रोलिटरपेक्षा जास्त द्रावण वापरू नका. डीएनए आधीच थोडा असतो.

पीसीआरसाठी, म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्यासाठी, मायटोकाँड्रियाचं १२एस जनुक घ्या, तेही १५० बेसच्या (डीएनएच्या अक्षरांच्या) आसपासचा आखूड तुकडा. ५०० बेसचा तुकडा ताज्या रक्तात छान येतो, जुन्यात सहसा येत नाही. सस्तन प्राण्यांच्या लाल पेशींत केंद्रक आणि मायटोकाँड्रिया नसतात, पक्ष्यांच्या लाल पेशींत दोन्ही असतात. त्यामुळे तितक्याच रक्तातून कोंबडीचा डीएनए जास्त निघतो. मिश्र निकालात तिचा वाटा फुगून दिसू शकतो. जेलवर डीएनएचा काहीच पट्टा आला नाही तर तेच द्रावण दहापट पातळ करून पुन्हा लावा. रक्तातला हीम (हिमोग्लोबिनमधला लोहयुक्त भाग) पीसीआर अडवतो.

आता सर्वांत महत्त्वाचं. निकालात 'गाय' आली की लगेच विश्वास ठेवू नका. गावोगावी गायी आहेत, हे खरं. पण पीसीआरमध्ये घालतात तो बीएसए (बोवाइन सीरम अल्ब्युमिन हे प्रथिन) गायीच्याच रक्तातून येतो आणि इतर रसायनांतही जनावरांचा डीएनए सापडलेला आहे. 'माणूस' आला तर आधी आपल्याच हाताचा संशय घ्या. दर खेपेला गोचीड न घातलेली एक नळी डीएनए काढण्यापासूनच सोबत चालवा, पीसीआरला पाण्याची वेगळी. शिवाय प्रयोगशाळेत अंड्यातून निघालेल्या, कधीच न प्यायलेल्या अळ्या तपासा. त्यांत गाय दिसली, तर त्या खेपेचे गायीचे सगळे निकाल बाद. पॉझिटिव्ह कंट्रोल, म्हणजे पीसीआर चालतोय हे दाखवणारा ज्ञात डीएनए, म्हणून नमुन्यात येऊच शकणार नाही असा प्राणी निवडा.

याउलट, उंट आला म्हणून नमुना फेकू नका. कच्छकडचे रबारी उंट-मेंढ्या घेऊन विदर्भात फिरतात. त्या शिवारात त्यांचा डेरा होता का, ते गुराख्याला विचारा. मेळघाटच्या काठावर गाय आणि गवा आखूड तुकड्यावरून वेगळे ओळखू येतीलच असं नाही. तिथं सायटोक्रोम बी जनुकाचाही आधार घ्या. तरी उलगडा झाला नाही तर अहवालात 'गोवंशीय' एवढंच लिहा. सिक्वेन्सिंगच्या (डीएनएच्या अक्षरांचा क्रम वाचण्याच्या) आलेखात एकाच जागी दोन शिखरं दिसली तर दोन यजमान असू शकतात. उंच शिखर वाचून मोकळं होऊ नका, क्लोनिंगनं तुकडे वेगळे करा किंवा नव्या पिढीचं (नेक्स्ट-जनरेशन) सिक्वेन्सिंग करा. काहीच न निघालेले नमुनेही तक्त्यात ठेवा, बरेच तसेच असतात.