बोअरचं पाणी किरणोत्सारासाठी तपासायचंय? आधी बाटलीचं बघा

सोलापुरात जारचं पाणी भरणाऱ्या प्लांटांसाठी मी नमुने घेते. बाटलीबंद पाण्याच्या मानकात अल्फा आणि बीटा किरणोत्साराची (अणू फुटताना निघणाऱ्या दोन जातींच्या कणांची) तपासणी येते, म्हणून हे काम अंगवळणी पडलंय. हल्ली घरगुती बोअरवालेही विचारतात. कुणीतरी मोबाइलवर पाठवलेलं असतं की पलीकडे कर्नाटकात गोगीला युरेनियम सापडलंय, मग आपल्या भीमेत ते येत असणार! गोगी यादगीर जिल्ह्यात आहे आणि युरेनियमचा साठा तिथे खरोखर आहे. पण भीमा आपल्याकडून तिकडे वाहते, तिकडून इकडे नाही. शिवाय आपल्या पायाखाली काळा बेसाल्ट आहे आणि ग्रॅनाइटच्या मानाने त्यात युरेनियम फार कमी असतं. त्यामुळे घाबरून तपासू नका. तपासायचंच असेल तर नीट तपासा, कारण चुकीच्या बाटलीतून आलेला ‘सगळं ठीक’ हा शेरा काही कामाचा नाही.

सगळ्यात आधी, ऑनलाइन मिळणारा गायगर काउंटर (किरणोत्सार मोजायचं छोटं यंत्र) बाटलीला लावून काही कळत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) अल्फाची मर्यादा लिटरला ०.१ बेकरेल आहे, बीटाची १ बेकरेल. ०.१ बेकरेल म्हणजे अख्ख्या लिटरभर पाण्यात दहा सेकंदांत एक अणू फुटणार. त्यातून निघालेला अल्फा कण केसाच्या जाडीइतकं पाणीसुद्धा ओलांडत नाही, मग प्लास्टिकची भिंत तर सोडाच. आणि आजूबाजूच्या दगडामातीमुळे तो काउंटर नुसता टेबलावर ठेवला तरी मिनिटाला वीस-तीस टिकटिक करतोच.

आता नमुना घेण्याआधी ठरवा की काय विचारायचंय. एकूण अल्फा-बीटा, युरेनियम आणि रेडॉन या तीन वेगळ्या तपासण्या आहेत, आणि रेडॉनची बाटली बाकी दोघांपेक्षा अगदी वेगळी. नळाला येणारं उजनीचं पाणी उघड्यावरून आलेलं, त्यात रेडॉन शोधण्यात अर्थ नाही. रेडॉन हा किरणोत्सारी वायू आहे, उघड्यावर तो उडून जातो. खोल बोअरचं असेल तरच तो विचारा.

बोअरवर गेलं की मोटार चालू करून लगेच बाटली धरायची नाही. पाइपात आणि केसिंगमध्ये रात्रभर थांबलेलं पाणी असतं, ते आधी जाऊ द्यायचं. मी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजायचं मीटर घेऊन बसते. आकडा हलायचा थांबला आणि पाण्याची उष्णता स्थिरावली की नमुना. साधारण दहा-पंधरा मिनिटं लागतात, खोल बोअरला जास्त. आपल्याकडे इथेच कुरबुर होते. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात कुणी पाणी सोडून देतंय म्हटल्यावर अण्णा दारातूनच ओरडतात, “वायाच घालवता की ओ पाणी!” मी आधीच सांगून ठेवते, “अण्णा, हौदाचं झाकण काढा, टप आणा, काकूंना धुणं काढायला सांगा.” पाइप हौदात सोडला की भांडण मिटतं. नमुना मात्र हौदातून नाही, टाकीतून नाही, जड पाणी मऊ करणाऱ्या सॉफ्टनरच्या पुढूनही नाही. बोअरच्या तोंडाला जो कॉक असतो तिथूनच.

अल्फा-बीटासाठी जाड पांढरी प्लास्टिकची नवी बाटली, दोन लिटरची. प्रयोगशाळेनेच दिलेली असेल तर उत्तम. कोल्ड्रिंकची धुऊन घेतलेली नको. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा. आत आधीच ॲसिड घालून आली असेल तर मुळीच विसळू नका. हे ॲसिड म्हणजे नायट्रिक. ते नसेल तर रेडियम-युरेनियम हे किरणोत्सारी धातू बाटलीच्या भिंतीला चिकटून बसतात आणि मशीनला असतं त्याहून कमी दिसतं. पीएच २ च्या खाली आणायचा असतो, लिटरला साधारण दोन मिलि तीव्र ॲसिड पुरतं. आपलं खारं, जड पाणी ॲसिड पडताच सोडा ओतल्यासारखं बारीक बुडबुडे सोडतं. बायकार्बोनेटमधला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो तो. बुडबुडे थांबेपर्यंत बूच सैल ठेवा, मग पीएच पट्टी लावून खात्री करा आणि घट्ट बसवा. पण घरच्या घरी हे ॲसिड हाताळायच्या भानगडीत पडू नका. पाच दिवसांच्या आत नमुना पोचत असेल तर प्रयोगशाळेलाच घालू द्या. फक्त घातल्यावर किमान सोळा तास त्याच बाटलीत ठेवायला सांगा, म्हणजे भिंतीला लागलेलं परत पाण्यात उतरतं. हे सांगितलं नाही तर कुणी करेलच असं नाही.

युरेनियमसाठी शंभर-दोनशे मिलि पुरे. विरघळलेलं युरेनियम हवं असेल तर ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा आणि मग ॲसिड. उलट क्रमाने केलंत तर गाळात अडकलेलंही विरघळून येतं.

रेडॉनची बाटली काचेची, ॲसिडशिवाय, हवेचा एकही बुडबुडा न ठेवता भरायची. बादली घ्या, बाटली तिच्यात उभी ठेवा, कॉकला लावलेली नळी बाटलीच्या तळाशी न्या आणि धार हळू सोडा. पाणी बाटलीवरून ओसंडून बादली भरू द्या, नळी अलगद काढा आणि बूच पाण्याखालीच लावा. बाहेर काढून उलटी करा. वर मोत्याएवढा बुडबुडा दिसला तरी ओतून पुन्हा भरा. लेबलवर तारीखच नाही, वेळही मिनिटापर्यंत लिहा: रेडॉन-२२२ चं अर्धायुष्य ३.८२ दिवसांचं, म्हणजे एका दिवसात सहाएक भागांतला एक भाग गेलेला असतो. वेळ माहीत असेल तर हिशेब मागे नेता येतो. शनिवारी संध्याकाळी पार्सलला टाकून सोमवारपर्यंत कुठल्यातरी गोदामात पडू देण्याचा हा नमुना नाही.

जिल्ह्यात टीडीएस, फ्लोराइड, नायट्रेट तपासून मिळतं. अल्फा-बीटासाठी सहसा पुणं-मुंबई गाठावी लागते. प्रयोगशाळेला एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता नेमकी कशाला आहे ते तिच्या यादीत बघा, नुसता शिक्का बघू नका. आणि नमुन्यासोबत टीडीएस लिहून द्या. सोलापुरी बोअरला याचं महत्त्व फार, कारण मोजताना पाणी आटवून उरलेला क्षार तबकडीवर पसरतात. समजा टीडीएस १५०० आहे, तर एक लिटर आटवल्यावर दीड ग्रॅम क्षार उरतो. पाच सेंटीमीटरच्या तबकडीवर अल्फासाठी जेमतेम शंभर मिलिग्रॅमचा थर चालतो. जाड झाला की अल्फा कण त्याच थरात गिळले जातात. म्हणजे तुमच्या दोन लिटरांपैकी पासष्ट-सत्तर मिलिच मोजले जाणार. त्यामुळे “क्षार जास्त आहेत, सहअवक्षेपणाने कराल का?” असं विचारा. त्यात क्षार मागे राहतात आणि किरणोत्सारी धातू बेरियम-लोहाच्या साक्यासोबत वेगळे निघतात.

रिपोर्ट आला की ‘आढळलं नाही’ या शब्दांपाशी थांबू नका, शोधमर्यादा, म्हणजे मशीनला कमीत कमी किती दिसू शकतं, ती किती लिहिलीय ते बघा. ती ०.५ असेल तर ०.१ च्या मर्यादेबद्दल त्या कागदाने काहीच सांगितलेलं नाही. पुन्हा मोजून द्या म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. अल्फा ०.१ च्या वर गेला म्हणून लगेच बोअरला कुलूपही लावू नका. लिटरला साधारण चार मायक्रोग्रॅम युरेनियमनेच अल्फा तिथे पोचतो, आणि युरेनियमची मर्यादा आपल्या मानकात ३० मायक्रोग्रॅम आहे. तीही मुख्यतः मूत्रपिंडावरच्या रासायनिक परिणामासाठी. तेव्हा वर गेलं तर पुढची पायरी युरेनियम आणि रेडियम वेगवेगळं मोजणं. बीटा वाढला तर पोटॅशियम मोजून घ्या. त्यातलं पोटॅशियम-४० नैसर्गिक असतं. लिटरला दहा मिलिग्रॅम पोटॅशियम असलं तरी पाव बेकरेलच्या वर बीटा येतो, आणि त्याने घाबरायचं कारण नाही.

खरोखर युरेनियम जास्त निघालं तर उकळून उपयोग नाही, पाणी आटून ते उलट वाढतं. उकळल्याने जातो तो फक्त रेडॉन. क्लोरिनचाही काही उपयोग नाही. आरओने युरेनियम-रेडियम बरंचसं निघतं, पण ते वाया जाणाऱ्या पाण्यात जमा होतं, म्हणून ते पाणी पिण्या-स्वयंपाकाला फिरवू नका. आणि आरओ बसवल्यावर आधीचा आणि नंतरचा असे दोन नमुने एकाच दिवशी, एकसारख्या बाटल्यांत घ्या. लेबल पेन्सिलीने लिहून वर चिकटपट्टी लावा, शाई ओल्या हाताने पुसते.